सूर्य खवळला तर सास्तूरला काय होईल?

प्रश्न : मी सास्तूरला (ता. लोहारा, जि. धाराशिव) राहतो. सूर्यावर मोठं वादळ झालंय, त्याचे घातक किरण आज रात्री साडेबारा ते साडेतीनच्या दरम्यान पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा, असा निरोप आमच्या गावच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. आता त्यात कुणीतरी भर घातली, की अशा वादळानं भूकंप होतात आणि १९९३ चा भूकंपही तसाच झाला होता. हे वाचून घरातली वडीलधारी माणसं रात्र जागून काढतात. सौर वादळानं पृथ्वीवरच्या जिवांना खरोखर धोका असतो का? आणि मोबाईल बंद ठेवायचा का?

उत्तर : वडीलधाऱ्यांची झोप महत्त्वाची, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगतो. सौर वादळ कितीही मोठं झालं तरी जमिनीवरच्या माणसाला, जनावराला किंवा उभ्या पिकाला त्याची थेट इजा होत नाही. त्याच्यापासून धोका आहे तो आपण उभारलेल्या विजेच्या जाळ्याला आणि आकाशात सोडलेल्या उपग्रहांना. तो धोका मात्र खरा आहे, आणि त्यातून माणसाच्या जिवापर्यंत एक आडवाट जाते. तिच्याकडे पुढे येऊच. मोबाईलचं शेवटी बघू.

सूर्य हा धगधगत्या, विद्युतभारित वायूचा गोळा आहे. हा वायू सतत ढवळला जातो आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र जिथे पीळ पडून घट्ट होतं, तिथे सूर्यावर काळे डाग दिसतात. पीळ असह्य झाला की तो एकदम सुटतो आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडते. साधारण ११ वर्षांच्या चक्रात हे डाग वाढतात आणि ओसरतात. डाग जास्त, तेव्हा वादळंही जास्त.

अशा स्फोटातून निघणाऱ्या गोष्टी पृथ्वीवर एकदम पोचत नाहीत. क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश आठ-सव्वाआठ मिनिटांत येतो. वेगवान कण काही मिनिटांपासून काही तासांत येतात. आणि चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊन निघालेला वायूचा प्रचंड लोट एक ते तीन दिवसांनी येतो, तोही पृथ्वीच्या दिशेनं सुटला असेल तरच. ज्याला आपण चुंबकीय वादळ म्हणतो ते या लोटाचं काम.

आता तुमच्या ग्रुपवरचा निरोप तपासून बघा. सूर्यावरून आलेला प्रकाश पृथ्वीच्या फक्त उजेडातल्या बाजूवर पडतो. रात्री साडेबाराला सास्तूर आणि सूर्य यांच्यामध्ये अख्खी पृथ्वी आडवी असते. विश्वकिरण, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणारे वेगवान कण म्हणाल, तर ते रात्रंदिवस, सगळ्या दिशांनी येत असतात. त्यांना साडेबाराचा मुहूर्त लागत नाही आणि साडेतीनला ते थांबतही नाहीत. मोबाईल त्यांना ओढून घेत नाही, बंद केल्यानं ते परतही जात नाहीत.

मग हे किरण आणि कण अडतात कुठे? पहिला अडसर हवेचा. हवा आपल्याला हलकी वाटते, पण जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर तिचा सुमारे दहा टन भार असतो. आपण जणू तेहतीस फूट पाणी भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसलेलो असतो, आणि वरून काहीही येवो, त्याला एवढा थर भेदून यावं लागतं. सौरज्वालेतले क्ष-किरण जमिनीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर किंवा त्याही वरच शोषले जातात. तिथल्या हवेत थोडी खळबळ होते, लांब पल्ल्याचा रेडिओ संदेश काही वेळ ऐकू येत नाही. खाली रानात काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा अडसर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा. सूर्याच्या बाजूला ते एरवी सुमारे साठ-पासष्ट हजार किलोमीटरपर्यंत पसरलेलं असतं आणि विद्युतभारित कणांना वळवून ध्रुवांकडे नेतं. म्हणून ध्रुवांजवळच्या आकाशात रंगीत प्रकाश दिसतो. आपला मुलूख चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. ते दक्षिण तमिळनाडूतून जातं. तिथे क्षेत्ररेषा जमिनीला समांतर असल्यानं कणांना आडवं ओलांडून यावं लागतं, आणि ते फार थोड्यांना जमतं. या बाबतीत नॉर्वे किंवा कॅनडापेक्षा मराठवाडा कितीतरी सुरक्षित जागी आहे.

ही नुसती पुस्तकी समजूत नाही. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एकाची मोलाची नोंद आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांची चित्रं काढत असताना त्यांना डागांवर पांढरा लखलखाट दिसला. सतरा-अठरा तासांत लोट पृथ्वीवर आदळला. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं काम रोज चालू होतं. माणसं डोळ्यांनी उपकरण वाचून आकडे वहीत उतरवत. एरवी तासातासाला, आणि गडबड दिसली की पाच-पंधरा मिनिटांनी. २ सप्टेंबरला त्या वहीत क्षेत्राची आडवी ताकद सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेली दिसते. दीडशे वर्षांनी जगभरच्या संशोधकांनी त्या वादळाचा जोर ठरवायला याच आकड्यांचा आधार घेतला. आपोआप नोंद करणारी यंत्रं नव्हती, संगणक नव्हता. वेळेवर उठून नीट आकडा लिहिणाऱ्या माणसांच्या चिकाटीवर आजचं विज्ञान उभं आहे, आणि ती माणसं आपल्या मुंबईत बसली होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्या वादळात युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, ती चालवणाऱ्या काहींना विजेचे झटके बसले. सुमारे साडेबारा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १८७२ ला, तेवढंच दांडगं म्हणावं असं आणखी एक वादळ आलं. त्या रात्री खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला आणि एडनकडे जाणाऱ्या तारेवरचं काम विस्कळीत झालं. म्हणजे आकाश मुंबईपर्यंत रंगलं, तरी बिघडल्या त्या तारा. माणसं, झाडं, गुरं दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागली.

(जाता जाता : मुंबईत विजेची ट्राम येणार आणि तिच्यामुळे मोजमाप बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये कुलाब्याचं चुंबकीय मोजणीचं काम अलिबागला हलवलं गेलं. तेव्हा नानाभाई मूस हे संचालक होते. अलिबागची नोंद आजही चालू आहे आणि ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.)

याहून मागे जायचं तर झाडांना विचारावं लागतं. सूर्यावरून कणांचा मोठा मारा झाला की हवेत कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार वाढतो आणि तो त्या वर्षीच्या खोडाच्या वलयात साठतो. जपानच्या फुसा मियाके यांना २०१२ मध्ये देवदारासारख्या जुन्या वृक्षांच्या वलयांत इसवी सन ७७४-७७५ च्या सुमारास अशी एक उंच उडी सापडली. तो मारा आधुनिक उपकरणांनी नोंदलेल्या कुठल्याही माऱ्याच्या कित्येक पट होता. ७७४ म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचा काळ. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर सांगतात त्या पहिल्या कृष्णाची कारकीर्द साधारण तेव्हाच संपली. सूर्यानं एवढा मारा केला, आणि मराठवाड्यात माणसं नांगर धरत होती, छिन्नी चालवत होती. पृथ्वीवर कुठेही जीवजाती नष्ट झाल्याची खूण त्या काळात मिळत नाही.

कुणी विचारेल, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच कमजोर झालं तर? तेही होऊन गेलं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या शिवारातल्या काळ्या दगडाच्या जातीतच आहे. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहकणांचं चुंबकत्व त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दिशा धरतं आणि तसंच थिजतं. दख्खनच्या कातळाचे थर तपासले, तेव्हा काही थरांत उत्तर-दक्षिण आजच्या नेमकी उलट निघाली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव असे अनेकदा उलटले आहेत. शेवटचे सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. उलटताना काही शतकं, कदाचित हजारो वर्षं, क्षेत्र बरंच क्षीण होतं. सुमारे ४१-४२ हजार वर्षांपूर्वीही ते काही काळ असंच मंदावलं होतं, आणि तेव्हा माणूस पृथ्वीवर होता. हवेचा थर शाबूत होता, म्हणून जीवसृष्टी तगली. डायनोसॉर गेले तेही या लाव्ह्याच्या काळातच, पण त्यांच्या अंताची कारणं शास्त्रज्ञ मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीत आणि याच ज्वालामुखींत शोधतात. सौर वादळाचं नाव त्यात येत नाही.

पूर्ण सत्य सांगायचं तर थोडे अपवाद आहेत. हवा आणि चुंबकीय क्षेत्र या दोन्हींच्या बाहेर गेलेल्या माणसाला धोका असतो. ऑगस्ट १९७२ मध्ये कणांचा जबर मारा झाला. एप्रिलमध्ये अपोलो १६ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले होते आणि डिसेंबरमध्ये अपोलो १७ चे जायचे होते. मध्ये कुणी चंद्रावर चालत असतं तर त्याच्या प्रकृतीवर गंभीर परिणाम झाले असते. ध्रुवांवरून जाणारी विमानंही अशा वेळी मार्ग बदलतात. चुंबकीय क्षेत्राच्या आधारानं दिशा धरणाऱ्या पक्ष्यांचं स्थलांतर वादळाच्या रात्री काहीसं मंदावतं, असं अमेरिकेत रडारवरून केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. पक्षी त्यामुळे मरून पडत नाहीत.

आता ती आडवाट. चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की जमिनीत वीज प्रवाहित होते. शेकडो किलोमीटर लांबीच्या विद्युतवाहिन्या रोहित्रांमार्फत जमिनीला जोडलेल्या असतात, त्यांतून हा प्रवाह वर चढतो. रोहित्र एका विशिष्ट प्रकारच्या प्रवाहासाठी बनवलेलं असतं. हा मंद, एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह आत शिरला की त्याचा गाभा चुंबकत्वानं ठासून भरतो, ते तापतं आणि संरक्षक यंत्रणा वाहिन्या बंद करू लागतात. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं जाळं असंच दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. तिथला खडक कठीण आणि विजेला अडवणारा, म्हणून जमिनीतला प्रवाह सोप्या वाटेनं वाहिन्यांत शिरला.

तुमच्या शिवारातला डीपी जळतो तो मात्र यामुळे नाही. त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त मोटारी चालतात, तेल कमी होतं, वीज पडते. ११ केव्हीची वाहिनी या प्रवाहासाठी फारच आखूड आहे. विचार करायचा तो मोठ्या वाहिन्यांचा. तुमच्या शेजारी सोलापूरला रायचूरहून ७६५ केव्हीची वाहिनी येते. २०१३ च्या शेवटच्या दिवशी तिच्याच आधारानं दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडलं गेलं. आपण विषुववृत्ताकडे असल्यानं क्वेबेकइतका धोका आपल्याला नाही. पण कुलाब्याची १८५९ ची नोंद सांगते, की अगदी मोठ्या वादळात क्षेत्राची मोठी घसरण इथेही होते. अशा वादळात वीज कित्येक तास गेली, तर सास्तूरच्या ग्रामीण रुग्णालयातली प्रसूती, ऑक्सिजन, लसींचा फ्रीज, नळाचं पाणी या सगळ्यांना जनरेटरच्या भरवशावर राहावं लागेल. सौर वादळातून माणसाच्या जिवाला धोका पोचायचा तर असा, फिरून पोचतो. त्याला उपाय आहे, आणि तो करणाऱ्यांनी तो वेळेवर करावा असं मला फार वाटतं : आगाऊ सूचना, ठरवलेली कार्यपद्धती आणि हाताशी राखून ठेवलेली रोहित्रं.

आगाऊ सूचनेच्या बाबतीत आपला देश आता मागे नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला राहून नजर ठेवून आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली. सूर्यावरून लोट सुटताना दिसला की एक-दोन दिवस आधी अंदाज येतो, आणि तो त्या जागेवरून पुढे गेला की पृथ्वीवर पोचायला पाऊण-एक तास राहतो. लोटाचा वेग फार असेल तर त्याहूनही कमी.

मोठं वादळ तुम्ही स्वतः अनुभवलं आहे, फक्त तुम्हाला कळलं नाही. १० मे २०२४, अक्षय तृतीयेची रात्र. धाराशिवचं लोकसभेचं मतदान नुकतंच आटोपलं होतं. त्या रात्री सुमारे वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखमधल्या हानले इथे आकाश तांबडं झाल्याची छायाचित्रं निघाली. अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते, आणि उपग्रहांच्या खुणेवर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर वाट चुकू लागल्यानं काही शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. सास्तूरच्या रानात त्या रात्री काय झालं? काही नाही. शेतातल्या सोलरच्या प्लेटांनाही काही झालं नाही. त्या उजेडावर चालतात, आणि वादळानं सूर्याच्या उजेडात आपल्याला जाणवेल असा फरक पडत नाही.

राहिला भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सास्तूरला समजावून सांगण्याची माझी योग्यता नाही. पण तिचं कारण सूर्यावर ढकलणारा निरोप चुकीचा आहे, हे स्पष्ट सांगणं माझं काम आहे. सौर वादळानं बदलतं ते चुंबकीय क्षेत्र. भूकंप होतो तो खडकावरचा ताण खडकाला पेलवत नाही म्हणून. वादळाचा खडकावर पडणारा यांत्रिक दाब नगण्य असतो. चंद्रसूर्याच्या ओढीनं आपल्या पायाखालची जमीन दिवसातून दोनदा काही इंच वरखाली होत असते, आणि एवढ्या हालचालीवरूनही भूकंपाचं भाकीत करता येत नाही.

दुसरा पुरावा तारखांचा. सूर्याचं ते चक्र १९८९ च्या सुमारास शिखरावर होतं आणि १९९३ मध्ये उताराला लागलं होतं. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला तेव्हा चक्र चढणीवर होतं. जानेवारी २००१ च्या भूजच्या वेळी शिखराजवळ, तर डिसेंबर २००४ ला हिंदी महासागर हादरला तेव्हा पुन्हा उतारावर. सूर्याला ११ वर्षांची लय आहे, मोठ्या भूकंपांना ती नाही. योगायोग मात्र हवे तेवढे सापडतात. २३ जुलै २०१२ ला सूर्यावरून एक महाभयंकर लोट सुटला, पण तो पृथ्वीच्या दिशेनं नव्हता. आठवड्यानं, ३० आणि ३१ जुलैला, उत्तर भारताची वीज गेली आणि कोट्यवधी लोक अंधारात बसले. कुणी हे दोन जोडून गोष्ट रचू शकेल. प्रत्यक्षात जाळ्यातून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली गेली आणि ग्वाल्हेरकडची वाहिनी बंद पडली, हे त्याचं कारण होतं.

किल्लारी-सास्तूर परिसरातल्या भूकंपाचं कारण जमिनीतच आहे. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत हिमालयाला भिडतो, त्याचा ताण आपल्या जुन्या पठारातही साठतो. भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ खोल छिद्र घेतलं, तेव्हा काळ्या दगडाचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली फार जुना खडक लागला. त्या जुन्या खडकातली कमजोर जागा सरकली. १९९२ च्या पावसाळ्यानंतर या भागात लहान धक्के जाणवू लागलेच होते. आणि माणसं गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं मातीचं जड माळवद अंगावर आल्यानं. वडीलधाऱ्यांनी रात्र जागून सूर्याची भीती बाळगण्याचं काही कारण नाही. घराला नवी खोली चढवताना मात्र बांधणी भूकंपाला टिकेल अशी करून घ्यावी, आणि आग्रहानं करून घ्यावी.

आता मोबाईल. सौर वादळासाठी तो बंद ठेवायची गरज नाही. उलट मराठवाड्यात आकाशातून जिवावर बेतणाऱ्या गोष्टी दोन आहेत : एप्रिल-मेचं ऊन आणि पावसाच्या तोंडावर कडाडणारी वीज. दोन्हींनी दरवर्षी शेतात माणसं आणि जनावरं दगावतात. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलं आहे. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते थोडा वेळ आधी कळवतं. ते घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाका, आणि रानात जाताना मोबाईल चालू ठेवून सोबत न्या.